जन्मठेपेची बाई आणि मुलाखतीचा दिवस

पुण्याच्या बोलीत 'येरवडा' हा एकच शब्द दोन ठिकाणांसाठी चालतो. कोणी विचित्र वागले की 'याला येरवड्याला पाठवा' असे म्हणतात, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात मनोरुग्णालय असते. कोणी भानगड केली की 'आता येरवड्याची हवा खाईल' असे म्हणतात, तेव्हा मध्यवर्ती कारागृह असते. लहानपणी मला हा योगायोग गमतीचा वाटत असे. पुढे एका स्वयंसेवी संस्थेतर्फे राज्यातल्या एका कारागृहाच्या महिला विभागात साक्षरता वर्ग घेण्यासाठी मी चार वर्षे दर आठवड्याला जात राहिले, आणि ती गंमत तिथे संपली. हे कारागृह येरवड्याचे नव्हे, आणि कोणते ते इथे लिहिण्याचे कारणही नाही. तिथे बाराखडी गिरवणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींना दुसऱ्या येरवड्यातल्या डॉक्टरांची गरज होती, एवढे मात्र पहिल्या काही महिन्यांतच माझ्यासारख्या सामान्य शिक्षिकेलाही कळून चुकले.

आज लिहायचे आहे ते त्यांच्यातल्या लांब शिक्षेच्या, बहुतेक जन्मठेपेच्या, बायकांविषयी आणि त्यांच्या मनात कधीकधी येणाऱ्या मरणाच्या विचारांविषयी. कोणी स्वतःला काय केले आणि कसे केले, हे मी मुद्दामच सांगणार नाही.

तुरुंगात बायकांचे दोन भाग आपोआप पडतात. खटला चालू असलेली ती 'कच्ची' आणि शिक्षा लागलेली ती 'पक्की'. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की कच्चीची अवस्था अधिक वाईट, कारण तिचे काहीच ठरलेले नसते. पहिल्या काही आठवड्यांपुरते ते खरेही आहे. अटक, बातमी, मुलांची काळजी आणि चार भिंतींचा पहिला धक्का हे सगळे एकदम अंगावर येते आणि तो काळ फार धोक्याचा असतो. तरीही कच्च्या बाईला 'तारीख' असते. तारखेला ती गाडीत बसते, रस्ता पाहते, कोर्टाच्या आवारात एखादा नातेवाईक लांबून हात करतो, वकील चार शब्द बोलतो. पक्क्या बाईला तारीख नसते. अपील उच्च न्यायालयात पडून असते आणि त्यासाठी तिला कोठे जावे लागत नाही. बाहेरच्या जगाशी जोडणारी तिची एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मुलाखत, तुरुंगात येऊन नातेवाइकांनी घेतलेली भेट.

मुलाखतीच्या दिवशी बराकीतले वातावरण वेगळे असते. सकाळपासून केस विंचरले जातात, ठेवणीतली साडी निघते, आणि नाव पुकारले जाईपर्यंत कोणाचे कशात लक्ष लागत नाही. ज्यांची मुलाखत कधीच येत नाही त्या त्या दिवशी हटकून काम मागून घेतात, स्वयंपाकघरात किंवा शिवणकामात, म्हणजे नाव न पुकारले गेल्याचे कानावर यायला नको. वर्षभर हे पाहिल्यावर माझे असे मत झाले की त्या विभागात मानसिक प्रकृतीचा सर्वांत भरवशाचा कागद दवाखान्यात नव्हता, मुलाखतीच्या नोंदवहीत होता. कोणाच्या नावापुढच्या नोंदी विरळ होत गेल्या आणि कोणाच्या थांबल्या, एवढे जरी कोणी दर महिन्याला पाहिले असते तरी कोणत्या बाईकडे लक्ष द्यायचे हे समजले असते. ती वही रोज भरली जात होती. या नजरेने ती कोणी वाचत नव्हते.

माझ्या या घरगुती निष्कर्षाला पुढे एका अधिकृत कागदाचा आधार मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये तुरुंगांतील आत्महत्या रोखण्याविषयी एक मार्गदर्शिका काढली. तीत कच्च्या आणि पक्क्या कैद्यांचा धोका वेगळा सांगितला आहे. शिक्षा लागलेल्या कैद्यांच्या बाबतीत आत्महत्या बरेचदा आत चार-पाच वर्षे काढल्यानंतर घडते, आणि तिच्या मागे तुरुंगातले भांडण, घरचे नाते तुटणे, अपील फेटाळले जाणे किंवा पॅरोल नाकारला जाणे असे काहीतरी असते, असे ती सांगते. आपल्याकडची समजूत याच्या नेमकी उलट आहे. पहिले वर्ष रडण्यात जाते आणि मग बाई 'रुळते', असे आपण धरून चालतो. ती शांत झाली, कामाला लागली, तक्रार करीत नाही, म्हणजे तिचे बरे चालले आहे असा निष्कर्ष काढतो.

अशी एक रुळलेली बाई माझ्या वर्गात होती. सातवे वर्ष चालू होते, वय चाळिशीच्या आत, स्वभाव मिस्कील. सुरुवातीला तिचा भाऊ महिन्याआड येत असे, मग फक्त वडील येऊ लागले, आणि मग तेही थांबले. ते वारल्याचे तिला पाच महिन्यांनी, गावाकडच्या एका नव्या कच्च्या बाईकडून कळले. त्यानंतर तिने भावाला पाठवलेले पत्र परत आले. पुढच्या आठवड्यात ती वर्गाला आली नाही, त्याच्या पुढच्याही आठवड्यात नाही. मी चौकशी केली तर 'तब्येत बरी नाही' एवढेच उत्तर मिळाले. तिच्या बराकीतल्या दोघींनी मात्र एक गोष्ट हेरली होती. कॅन्टीनमधून घेतलेला साबण, तेलाची बाटली आणि एक नवी कोरी चादर तिने कोणाकोणाला देऊन टाकली होती, आणि तुरुंगात साबणही कोणी उगीच देत नाही. त्या दोघींनी कोणाला न सांगता आपसांत पाळ्या लावल्या. एक झोपली की दुसरी जागी, असे सतरा-अठरा दिवस चालले. एका रात्री त्या जाग्या होत्या म्हणूनच ती वाचली. सकाळी त्यांनी डॉक्टरांना 'तिला झोप लागत नाही' एवढेच सांगितले, आणि कागदोपत्री ती घटना तेवढीच राहिली.

हे त्यांनी मला सांगितले तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच होता की अधिकाऱ्यांना का नाही सांगितले. त्यांचे उत्तर असे होते की सांगितले असते तर तिला वेगळ्या खोलीत ठेवले असते, तिच्या नावावर शेरा बसला असता, शिक्षेत मिळालेले माफीचे दिवस कापले गेले असते आणि वर पोलिसांची केस झाली असती. यातली शेवटची भीती कायद्याच्या दृष्टीने जुनी झाली होती. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायचे असते, तिच्यावर खटला चालवायचा नसतो, आणि तिची काळजी व उपचार हे सरकारचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिताच गेली आणि तिच्याबरोबर आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे कलम ३०९ ही गेले. तथापि नव्या भारतीय न्याय संहितेत कलम २२६ आहे, आणि सरकारी नोकराला त्याचे काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न त्याखाली अजूनही गुन्हा आहे. ज्या जागी आजूबाजूचा प्रत्येक गणवेशधारी माणूस सरकारी नोकरच असतो, तिथे या शब्दांचा अर्थ कोण कसा लावील याची धास्ती बाईला वाटली तर तिला अडाणी कसे म्हणावे? वेगळ्या खोलीची भीती तर अगदीच खरी होती. एकटे ठेवल्याने धोका वाढतो हे या विषयातले सगळे जाणकार सांगतात. तरी 'सुरक्षिततेसाठी' पहिला उपाय अनेक ठिकाणी तोच असतो.

त्या दोघींनी जे केले त्याला आता सरकारी नाव मिळाले आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने जून २०२३ मध्ये कैद्यांच्या आत्महत्या आणि स्वतःला इजा करण्याच्या प्रयत्नांविषयी राज्यांना सूचना पाठवल्या, आणि त्यांत निवडक कैद्यांनाच प्रशिक्षण देऊन धोक्यातला सोबती ओळखायला शिकवण्याची पद्धत सांगितली आहे. मला हे वाचून बरे वाटले. फक्त एक अडचण आहे. या पद्धतीत ओळखणारी बाई पुढे ज्याला सांगणार, तो माणूस असायला हवा. भारतातील तुरुंगांमध्ये २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० कैदी होते, आणि राज्यांच्या न्यायव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या २०२५ च्या इंडिया जस्टिस रिपोर्टने मोजले तेव्हा एवढ्या लोकांसाठी मानसशास्त्रज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ मिळून अवघे २५ होते. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत ५०० कैद्यांमागे एक, असे प्रमाण सांगितले आहे. २०१७ च्या कायद्याने प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना असावी असेही बजावले आहे. प्रत्यक्षात मी पाहिले ते असे की न झोपणारी, सतत रडणारी, कानात आवाज ऐकू येणारी आणि पाळी जाण्याच्या वयात अंगाची लाही होऊन चिडणारी, या चौघींना एकाच रंगाची झोपेची गोळी मिळत होती. जी अठ्ठाविसाव्या वर्षी आत आली तिला हे वयही आतच गाठते, आणि त्याविषयी बोलायला आई, बहीण किंवा जाऊ यांपैकी कोणीही जवळ नसते.

बायकांचा हा प्रश्न झाकला जातो त्याचे एक कारण निव्वळ संख्या आहे. त्या ५,७३,२२० मध्ये स्त्रिया २३,७७२ होत्या, म्हणजे शेकडा चारच्या थोड्या वर, आणि त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या तुरुंगाच्या एका कोपऱ्यातल्या महिला विभागात राहतात. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती अमिताव रॉय यांच्या अध्यक्षतेखाली २०१८ मध्ये नेमलेल्या समितीने दाखवून दिले की २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत देशातील तुरुंगांत ८१७ अनैसर्गिक मृत्यू झाले आणि त्यांपैकी ६६० आत्महत्या होत्या. या ६६० मध्ये पुरुषच बहुसंख्य असणार हे उघड आहे, आणि म्हणून उपाय शोधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुरुष कैदीच येतो. पण इंग्लंड व वेल्समधील १९७८ ते २००४ या काळाचा अभ्यास असे सांगतो की बाहेरच्या त्याच वयाच्या स्त्रियांच्या तुलनेत कैदी स्त्रियांमध्ये आत्महत्येचे प्रमाण सुमारे २० पट होते. पुरुषांच्या बाबतीत हीच तुलना सुमारे पाच पटींची निघाली. तो देश वेगळा आहे, तिथल्या बायकांची दुखणी आणि व्यसने वेगळी आहेत. तरी तुरुंग बाईला अधिक महागात पडतो, एवढे तिथल्या आकड्यांवरून दिसते.

आपल्याकडे तो का महाग पडतो हे समजायला फार संशोधन लागत नाही. पुरुष आत गेला की बायको डबा, कपडे, मनीऑर्डर घेऊन वर्षानुवर्षे मुलाखतीच्या रांगेत उभी राहते. ती रांग कोणीही जाऊन पाहावी. बाई आत गेली की रांगेत कोण उभे राहते? माझ्या वर्गातल्या जन्मठेपेच्या बायकांपैकी बऱ्याच जणींवर सासरच्याच माणसाच्या खुनाचा आरोप सिद्ध झाला होता, तेव्हा सासर तिथेच संपले. माहेरी धाकट्या बहिणींची लग्ने व्हायची असतात, म्हणून माहेर गप्प होते. दोन्ही घरे अशी एकदम बंद झालेली बाई आणि नियमांनी बांधलेला तुरुंग यांची गाठ पडते, तेव्हा एक विचित्र गोष्ट लक्षात येते. ही सगळी व्यवस्था घर आहे असे धरूनच चालते. संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे ज्याला सगळे फर्लो आणि पॅरोल म्हणतात ते, आपल्या राज्यात ठरलेल्या नियमांनी मिळते. त्यासाठी जामीन राहणारा नातेवाईक लागतो आणि जिथे जाणार तिथल्या पोलिसांचा अहवाल लागतो. ज्या बाईला कोणी न्यायलाच तयार नाही तिने रजेचा हक्क कोणाच्या नावावर मागावा? वर्तन चांगले, वर्षे पूर्ण, आणि रजा शून्य, असे कागद मी स्वतः वाचून दाखवले आहेत.

मुदतपूर्व सुटकेचे तसेच. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, आणि त्यातही दिवस आणि रात्र वेगवेगळे मोजतात म्हणजे सातच, ही समजूत सुशिक्षित घरांतही ऐकू येते. वास्तविक जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. चौदा वर्षांची अट १९७८ मध्ये आली, तीही ज्या गुन्ह्याला फाशीची शिक्षा होऊ शकली असती त्यात त्याआधी सोडू नये म्हणून. पुढे किती वर्षांनी सोडायचे हे राज्याने गुन्ह्यांचे जे प्रवर्ग पाडले आहेत त्यांवर ठरते आणि ती वर्षे वीसच्या पुढेही जातात. आतल्या बायकांना हे कोणीही नीट समजावून सांगत नाही. त्या चौदाच्या हिशेबाने भिंतीवर मनातल्या मनात रेघा ओढत येतात, आणि पंधरावे वर्ष लागते तेव्हा फाइल कोणत्या टेबलावर आहे हेही कळत नाही. माझ्या मते नाकारलेल्या फाइलचा किंवा फेटाळलेल्या अपिलाचा कागद बाईच्या हातात देण्याआधी तिच्याजवळ बसायला कोणीतरी असावे, हा नियम करायला एक पैसाही लागणार नाही. आज तो कागद बहुधा सही घेऊन दिला जातो, आणि सही घेणाऱ्याला पुढचे टपाल वाटायचे असते.

नलिनी श्रीहरन यांचे उदाहरण तमिळनाडूतले असले तरी इथे टाळता येत नाही. राजीव गांधी हत्या खटल्यात जून १९९१ मध्ये त्यांना अटक झाली, मुलीचा जन्म कैदेतच झाला आणि ती पुढे आईवेगळी परदेशात वाढली. १९९८ मध्ये फाशीची शिक्षा लागली, २००० मध्ये ती जन्मठेपेवर आली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये, ३१ वर्षांहून अधिक काळाने त्या सुटल्या. त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केल्याचे त्यांच्या वकिलांनी जाहीरपणे सांगितले ते जुलै २०२० मध्ये. म्हणजे फाशीची टांगती तलवार दूर होऊन वीस वर्षे झाल्यावर, कैदेच्या तिसाव्या वर्षी, आणि महामारीमुळे देशभर मुलाखती बंद असताना. त्या प्रयत्नाचे नेमके कारण मी ठरवू शकत नाही. इतक्या वर्षांनीही बाई 'रुळत' नाही, एवढेच मी त्यातून घेते. आपल्याकडे रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणी १९९६ पासून कैदेत आहेत. कोवळी मुले पळवून त्यांनी त्यांचे जे खून केले ते आठवले की माझ्याही मनात दया उभी राहत नाही. तरीही १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली ती दयेच्या अर्जावरच्या अक्षम्य विलंबामुळे, आणि उद्या दोर की परवा, या प्रश्नासह वर्षानुवर्षे जगायला लावणे हाच छळ आहे या तत्त्वामुळे. गुन्हा कितीही भयंकर असो, कोठडीतल्या माणसाच्या मनाची जबाबदारी ठेवणाऱ्याकडे जाते.

आणि मुले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ तुरुंगात राहू शकते. त्या निकालाने मुलांचे पुष्कळ भले केले, दूध, पाळणाघर, शाळा यांची सोय लावून दिली. सहावा वाढदिवस मात्र लांब शिक्षेच्या आईसाठी दुसऱ्या अटकेसारखा असतो. मूल आजीकडे किंवा बालगृहात जाते, बराकीत त्याचे एखादे झबले राहते, आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने त्या बाईवर डोळा ठेवावा लागतो हे जुन्या बायकांना पाठ असते. पुढे मूल भेटते ते जाळीपलीकडे किंवा काचेपलीकडे. बायकांना आपल्या मुलांना जाळी-काचेविना भेटता येते ते गोवा, दिल्ली आणि पुदुच्चेरी इथेच, असे रॉय समितीने नोंदवले आहे. महाराष्ट्रात 'गळाभेट' नावाचा उपक्रम होतो, त्या दिवशी कैदी मुलांना प्रत्यक्ष जवळ घेतात, आणि तो दिवस ज्याने पाहिला तो विसरणार नाही. पण वर्षात एखादा दिवस मिळणारे हे सुख मुळात नेहमीच्या मुलाखतीचा भाग का असू नये, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१० मध्ये स्त्री कैद्यांसाठी मान्य केलेले बँकॉक नियम सत्तर आहेत. त्यांतला सोळावा नियम आत्महत्या रोखण्याविषयी आहे आणि तो सर्वत्र उद्धृत होतो. मला तेरावा अधिक आवडतो. स्त्रियांना विशेष दुःख होण्याच्या वेळा कोणत्या, याची जाण कर्मचाऱ्यांना असावी, असे तो सांगतो. आपल्याकडे या वेळांची यादी करायला तज्ज्ञ नको: भाऊबीज, दहावीच्या निकालाचा दिवस, लेकीचे लग्न कोणीतरी परस्पर ठरवल्याची बातमी. रॉय समितीने बराकींच्या बांधकामात बदल सुचवले आहेत, आत्महत्येला वाव राहणार नाही अशा रचनेचे, आणि ते व्हायलाही हवेत. भिंती बदलायला दहा वर्षे लागतील, भाऊबीज दरवर्षी येते.

टेलिमानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चालते, मराठीतही बोलता येते, आणि हे वाचणाऱ्या कोणाला किंवा कोणाच्या घरच्यांना गरज असेल तर तो क्रमांक जरूर वापरावा. मी ज्या विभागात जात होते तिथे तो लागला नसता, कारण फोन फक्त आधी पडताळून मंजूर केलेल्या क्रमांकांवर होतो, आणि त्या यादीत नातेवाईक आणि वकील एवढेच बसतात. साबण वाटून टाकलेल्या त्या बाईने, बरी झाल्यावर, या यादीसाठी माझा क्रमांक द्यायचे ठरवले. अर्ज तिने स्वतः लिहिला, काना-मात्रा न चुकता, कारण तोपर्यंत तिला लिहिता येऊ लागले होते. 'नाते' या रकान्यात काय लिहायचे असे तिने मला विचारले. मला सुचेना, तेव्हा तिनेच 'मास्तरीण' असे लिहिले. अर्ज त्याच आठवड्यात नामंजूर होऊन परत आला.